खांबांना बांधलेली दोरी

संग्रहालयातल्या अठराव्या शतकातल्या त्या विलायती चित्रासमोर मी थांबले. कुठल्याशा जुन्या साम्राज्याच्या मोडक्या कमानी, उंच दगडी खांब, त्यांवर उगवलेलं गवत आणि सगळ्यावर उतरतीचं पिवळसर ऊन. भावोजी गेल्यानंतर ताई पहिल्यांदाच माझ्याबरोबर बाहेर पडली होती आणि मी तिला नेमकी ही पडझड दाखवत होते. मी घाईने पुढे निघाले, पण ती हलेना.

“अगं, ही बाई बघ,” ती म्हणाली. “दोन खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घालतेय.”

मला ती दिसलीच नव्हती. एवढं साम्राज्य कोसळलं होतं आणि ती मिळालेल्या उन्हाचा उपयोग करून घेत होती.

ताई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ह्यांचे शर्ट अजून कपाटात तसेच आहेत. उद्या येशील? धुऊन कुणाला तरी देऊ.”