मोहनराव सरांचं डियर

धारूरच्या एका शाळेत मोहनराव सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. परक्या माणसाला डार्लिंग म्हणू नये, डियर धाकट्याला किंवा बरोबरीच्याला चालतं, असं ते दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगत. 'हनी' आला की मध एवढाच अर्थ सांगून पान उलटत.

शाळेच्या ग्रुपवर मात्र त्यांचं डियर सढळ होतं. नव्या पौर्णिमा मॅडमनी हजेरीचा तक्ता पाठवला की यांचं उत्तर ठरलेलं: थँक यू डियर. पोरगी लेकीच्या वयाची, भीमनगरातून शिकून वर आलेली. जरा माया केली तर बिघडलं कुठं?

गुरुवारी मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक डबे उघडून बसले होते. पौर्णिमा म्हणाली, "सर, एक विचारू? दिपाली मॅडमला तुमी डियर कावून लिहीत न्हाईत?"

दिपाली म्हणजे संस्थेच्या सचिवांची सून. दोघी एकाच वयाच्या, एकाच महिन्यात रुजू झालेल्या.

"सगळ्यांनाच लिहितो की!" मोहनराव म्हणाले.

"मला तर एकदा बी न्हाई लिवलं," विजयसिंह सर भाकरी मोडत म्हणाले. "आमी काय घोडं मारलं?"

खोलीत हशा पिकला. पौर्णिमा हसली नाही.

पुढच्या तासाला मुलांना निबंध देऊन मोहनरावांनी मोबाईल काढला. आपण निर्दोष आहोत हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, एवढाच हेतू. जूनपासूनचे मेसेज पाहिले. दिपालीला रिस्पेक्टेड मॅडम. विजयसिंहांना रिस्पेक्टेड सर. कालपरवा चिकटलेल्या कारकुनालासुद्धा रिस्पेक्टेड. डियर एकटीलाच. माया त्यांनी पत्ता पाहून केली होती.

शाळा सुटताना सगळे सहीसाठी जमले, तेव्हा ते पौर्णिमासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, चुकलं माझं."

"काय चुकलं, सर?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं. बाकीच्यांनी माना वळवल्या. दिपाली पेनाचं टोपण लावता लावता थांबली. उत्तर मोहनरावांच्या खिशात होतं, तारीखवार. ते ओठांपर्यंत आलंही.

"इंग्रजी," ते म्हणाले. "इंग्रजी चुकलं."

"बरं," पौर्णिमा म्हणाली, आणि सही करून निघून गेली.

"घ्या! आता नववीत बसा, सर," विजयसिंह म्हणाले. सगळे हसले. मोहनरावही हसले, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ.