अंग साफ म्हणणारा कान्हू

दवाखान्याच्या दारात कागद भरताना तुम्ही कधी खोटं बोललात काय? लगेच मान हलवू नका. "आधीचा काही आजार?" असं विचारल्यावर मागं उभ्या असलेल्या सोयऱ्याकडं एकदा बघून "नाही, काही नाही" म्हणालात की नाही? म्हणाला असाल तर हे वाचाच. म्हणाला नसाल तर तुम्ही फार थोर. तरीपण वाचा.

कान्हू वेळीप घाटातल्या दिग्गी गावाच्या पलीकडच्या वाडीतला. थोडं भात, परसात कंद, उरलेले दिवस रानातली मजुरी. पण तालुक्यात त्याला लोक ओळखायचे ते डोलीमुळं. पावसात त्या वाडीला चाक जात नाही. कुणी आजारी पडलं, बाई अडली, की जाड बांबूला घोंगडी बांधायची, माणूस तिच्यात घालायचा आणि चौघांनी खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचा. तीन तास. वाटेत दोन नाले, एक उभी घसरण. पुढचा डावा खांदा कान्हूचा, तीस वर्षं. दुसऱ्या कुणी त्या जागेला हात लावलेला मी पाहिला नाही.

मी या वाड्यांची कामं घेऊन कचेऱ्यांत भांडणारी बाई. पहिल्यांदा त्याच्या डोलीमागं चालले तेव्हा आत एक म्हातारा कण्हत होता. "कान्हू, मी मरतंय रे."

"आत्ता नको मरू बाबा," कान्हू वळून न बघता म्हणाला. "मेलेला माणूस जड होतो. ही चढण संपू दे, मग तू आणि मी बसून ठरवू."

म्हातारा त्या तसल्या अवस्थेत हसला. असा तो कान्हू.

डोलीची एक रीत होती. बांबू उचलायच्या आधी सगळ्यात वडील खांदेकरी एकेकाला विचारणार, "अंग साफ?" आणि त्यानं बांबूला हात लावून म्हणायचं, "साफ." ज्याच्या अंगात रोग, त्यानं बांबू धरायचा नाही; धरला तर आतल्याचं दुखणं वाढतं, अशी समजूत. हसू नका. घसरणीवर चौघांतला एक चक्कर येऊन बसला तर आतला माणूस खाली दरीत जातो. रीत कुणीतरी शहाण्यानंच घातली असणार. पुढं तिचा मान झाला आणि मानाचा माज झाला.

विचारणारा कान्हू. करोनाच्या आदल्या वर्षी, पावसाळ्यात, एका बाळंतिणीला न्यायचं होतं. त्यानं नारायणला विचारलं. नारायण गावकर, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पंधरा वर्षं त्याच्या मागचा खांदा.

"नारायणा, अंग साफ?"

नारायण खरं बोलला. "परवा तपासलं कान्हूदा. बीपी हाय म्हणत्यात. गोळी दिलीया."

"मग बांबू सोड."

"अरे, गोळी घेतोय न्हवं मी! मला काय बी होत न्हाई."

"गोळीवाला खांदा डोलीला चालत न्हाई. सोड म्हटलं ना?"

सगळ्या वाडीसमोर नारायणनं बांबू सोडला. त्या दिवसापासून पोरंटोरं त्याला 'गोळीवाला' म्हणायला लागली. नारायण दोन पावसाळे कान्हूशी बोलला नाही.

आणि त्यानंतर सहा महिन्यांत कान्हूच्या पायाला काटा लागला. जखम भरेना. तो एकटाच रामनगरला गेला, कुणाला न सांगता. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, साखर आहे, आणि भरपूर आहे. गोळ्या दिल्या. त्या त्यानं बांबूच्या नळीत घालून गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवल्या. ठाऊक फक्त बायकोला, पुतळीला. तिच्याकडून त्यानं पोरांची शपथ घेतली. घरी पाहुणे असले की गोळी चुकायची. गोठ्यात सारखं जाणं बरं दिसत नाही. आणि दर वेळी डोली उचलताना तो सगळ्यांना विचारायचा, आणि शेवटी स्वतः बांबूवर हात ठेवून म्हणायचा, "साफ."

त्याला खोटारडा म्हणायचं असेल तर म्हणा. नारायणला डोलीवरून उठवून बसलेला माणूस स्वतः कुठल्या तोंडानं उठणार होता, तेवढं मात्र मला सांगा.

दुसरी लाट आली तेव्हा, मे महिन्यात, कान्हूला ताप आला. आठ दिवस घरात काढले. काढे झाले, धुरी झाली. दवाखान्यात गेलेला माणूस प्लास्टिकात बांधून जाळतात, हे वाडीपर्यंत पोचलं होतं. खोटं नव्हतंच ते. नवव्या दिवशी त्याला बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा पुतळीनं पोराला टेकडीवर पाठवून मला फोन करायला लावला. मी गाडी डांबरी रस्त्यावर उभी करते म्हटलं. वादळाच्या पावसानं नाल्यावरचा कच्चा रस्ता धुऊन नेला होता. म्हणजे परत डोलीच.

करोनाचा माणूस, कोण उचलणार? तोंडाला टॉवेल बांधून तिघं आले. चौथा खांदा मिळेना. मग नारायण आला. न बोलता पुढचा डावा खांदा घेतला. त्या दिवशी कुणी कुणाला काही विचारलं नाही.

किनाऱ्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कान्हूच्या बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन शहात्तर. प्लास्टिकच्या झग्यातली नर्स कागद घेऊन आली. एका बाजूला पुतळी, पायाशी नारायण, मध्ये मी.

"शुगर? बीपी? दमा? आधीचा काही आजार?" नर्सनं विचारलं.

पुतळीनं नारायणकडं बघितलं. मी ते बघणं पाहिलं होतं. अर्थ नाही कळला.

"काय बी न्हाई," ती म्हणाली.

"पायाला हे काय आहे?"

"काटा."

नर्सला पटलं नाही. "नक्की का? वय अठ्ठावन्न आहे. कधी तपासलंय का?"

आणि मी भडकले. बाहेर माणूस घुसमटतोय आणि ही बाई दोनदा दोनदा विचारते! "अहो बाई, रानातला माणूस आहे तो. दिवसाला पाच कोस चालतो. शुगर-बिगर तुमच्या शहरात! लिहा 'नाही' आणि आत घ्या त्याला!"

तिनं लिहिलं. नाही. ते 'नाही' पुतळीच्या तोंडचं असेल, पण लिहिलं गेलं माझ्या आवाजानं. पंचवीस वर्षं मी कचेऱ्यांत ओरडून कामं करून घेतली. माझं ओरडणं कधी वाया गेलं नाही. त्या दिवशीही नाही गेलं.

आत रक्त तपासलं असेलच की, असं तुम्ही म्हणाल. त्या दिवसांत साखर मोजायच्या पट्ट्या संपत आल्या होत्या. ज्यांच्या कागदावर शुगर लिहिलेली, त्यांच्यासाठी त्या राखून ठेवल्या होत्या. कान्हूच्या कागदावर तर मी...

असो. पहिले दोन दिवस बरे गेले. ऑक्सिजन चढला, फुप्फुसाची सूज उतरवायची सुई चालू झाली. बाकीचे खांदेकरी वाडीवर परतले, पुतळी आणि नारायण आवारातल्या शेडमध्ये राहिले, मी जाऊन येऊन होते. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मामानं फोन जोडून दिला.

"पुतळे," कान्हूचा आवाज कोरडा पडला होता. "तहान भागंना. घागरभर प्यालो असंन."

"श्वास कसा हाय?"

"श्वास ठीक. तहानच लई. आणि नारायणाला सांग... त्यानं मला उचललं, ते ठाऊक हाय म्हणून सांग."

नारायण तिथंच होता. तो उठून झाडाकडं गेला.

चौथ्या दिवशी सकाळी नळावर तिनं मला गाठलं. "अक्का, ह्या रोगात तहान लागती व्हय?"

"ताप असला की लागते."

"आणि सारखं मुतायला जाणं?"

मी तांब्या खाली ठेवला. "मावशे, काय लपवतेस?"

तेव्हा सांगितलं तिनं. नळी, गोठा, शपथ, सगळं. "कसं बोलू गं? नारायण पायाशीच उभा. त्याच्यासमोर ह्यांचं नाक कापू? मला वाटलं, आत यंत्रं हाईत, डॉक्टर हाईत, त्यास्नी आपोआप कळंल."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मग पळाले.

वॉर्डाची डॉक्टर तरुण होती. तिनं एक पट्टी काढली, बोट टोचलं. पाचशे साठ. तिनं मला दोष दिला नाही, त्याचंच जास्त लागलं. "सूज उतरवायच्या औषधानं शुगर चढतेच," ती म्हणाली. "माहीत असतं तर पहिल्या दिवसापासून इन्सुलिन सोबत दिलं असतं."

"आता द्या की! वाचेल ना तो?"

"वय आहे. नवव्या दिवशी आणलंत. आणलं तेव्हाच ऑक्सिजन शहात्तर होता. त्यात शुगर, आणि पायाची जखम चिघळलीय. इतक्या गोष्टी एका अंगात. यातली शुगरच तेवढी इथं आल्यावर आपल्या हातात होती."

इन्सुलिन चालू झालं. साखर थोडी उतरली, पण जखमेतून विष रक्तात गेलं होतं आणि फुप्फुसं दमली होती. सहाव्या दिवशी सकाळी दहाला कान्हू गेला. वीस हात लांबूनच त्याचं तोंड दाखवलं. घरी न्यायची परवानगी नव्हती.

शेडमध्ये मी नारायणला सगळं सांगितलं. वाटलं, हा आता शिव्या घालील.

"मला उठवला त्यानं," तो म्हणाला. "त्याचं कळलं असतं तर मीबी उठवला असता त्याला, अक्का. सोडला नसता. त्याला ते ठाऊक होतं. म्हणून गप बसला."

यापेक्षा खरं वाक्य त्या वर्षात मी ऐकलं नाही.

पुढं मी वही घेऊन गुंदपासून दिग्गीपर्यंत फिरले. मी काही डॉक्टर नाही, सातवी शिकलेली बाई. पण विचारता येतं आणि लिहिता येतं. दवाखान्यात दाखल झालेली एकोणीस माणसं मला सापडली. तेरा परत आली, सहा गेली. त्या सहांतल्या पाचांना आधीपासून साखर, बीपी नाहीतर दमा होता. पाचांतल्या तिघांच्या कागदावर लिहिलेलं होतं: नाही. परत आलेल्या तेरांतही साखरेचे चार होते. त्या चौघांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि पाचव्या दिवसाच्या आत दवाखाना गाठला होता. एवढ्याशा आकड्यांवरून शास्त्र होत नाही, मला कळतं. मला त्या घरांत बसून जे ऐकू आलं ते सांगते. एकानं लपवलं कारण मुलीची सोयरीक चालली होती. एकीनं लपवलं कारण सून स्वयंपाकाला हात लावू देणार नव्हती. गोळीची भीती कुणालाच नव्हती. सगळ्यांना भीती होती ती आपल्याच माणसांची.

पुतळी आता गोठ्यात जात नाही, गुरं विकली. "दोन दिस आधी बोलले असते तर?" असं ती मला दर भेटीत विचारते. मी "सांगता येत नाही" म्हणते. खोटं बोलत नाही. खरंच सांगता येत नाही. ती मान हलवते आणि पुढच्या भेटीत परत विचारते.

वाडीत अजून "अंग साफ?" विचारतात आणि अजून सगळे "साफ" म्हणतात. चाळिशी ओलांडलेली चौदा माणसं, एकाला काही म्हणजे काही नाही. पटतं तुम्हाला?

तुमच्याकडं डोली नसेल, दुसरं काहीतरी असेल. म्हणून हात जोडून सांगते, आणि मी सहसा हात जोडत नाही. तुमच्या घरात, कामावर, पंगतीत कुणी "मला साखर हाय" म्हणालं, तर त्याला उठवू नका. नाव ठेवू नका. गोळी कधी घेतोस तेवढं विचारा, आणि त्याला तिथंच बसू द्या.