काठाची खुर्ची

"पान्याले माराचं नाई, पान्याले मांगाचं."

असं म्हणून मामा ओंजळभर पाणी उचलायचे, बोटं हळूच सैल सोडायचे आणि ते सगळं गळून जाईपर्यंत कुणाला हलू द्यायचे नाहीत. पोरी तलावात छातीभर पाण्यात कुडकुडत उभ्या. मी काठाच्या पाळीवर कोरडा ठणठणीत, गळ्यात शिट्टी.

एकोडीच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक. तुम्ही म्हणाल, मग तुम्ही पाण्यात का नाही? कारण मला पोहता येत नाही. तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. कबड्डी, लांब उडी, गोळाफेक, काय म्हणाल ते शिकवीन. पण पाणी कमरेच्या वर आलं की मी मागे फिरतो. मामा गावातले ढीवर, साऱ्या पोरींचे मामा. मासे धरणं, शिंगाडे काढणं, सारा जन्म तलावात गेलेला. शाळा सुटली की पोरींना पोहायला तेच शिकवायचे, निव्वळ हौसेनं. जाळ्याची जुनी दोरी लावून त्यांनी पाळीपासून पाण्यातल्या खुंटापर्यंत पन्नास मीटर मोजून घेतले होते.

नव्या पोरीच्या पाठीला ते वाळका भोपळा बांधायचे. दर आठवड्याला भोपळा आधीपेक्षा लहान. शेवटी एक दिवस नुसतीच दोरी बांधायचे, आणि पोरगी खुंट गाठून परत आली की विचारायचे, "भोपळा कोठी गेला वो?" ती पाठ चाचपायची आणि घाबरून बुडायला लागायची. मामा पोट धरून हसायचे.

माझं काम घड्याळाचं.

"गुर्जी, किती?"

"दोन सेकंद कमी झाले, मामा."

"मंग तिले सांगू नोका. फुगन आन बुडन."

आमच्या पोरींच्या संघानं विभागात बाजी मारली, मग राज्यातही. दर वेळी मार्गदर्शकाच्या रकान्यात माझं नाव. शाळेच्याच शिक्षकाचं नाव लागतं, नियम आहे, त्याचं मला काही वाटलं नाही. पण जिल्ह्याच्या क्रीडा पुरस्काराचा अर्ज आला, तेव्हा त्यात 'कार्याची माहिती' म्हणून अख्खं पान कोरं होतं. मी मामांबद्दल सगळं लिहिलं. वाचून पाहिलं. मग ते पान फाडलं आणि नव्या पानावर सगळीकडे 'मी' घातला. खोटं कशाला बोलू, कुणी दबाव आणला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

पुरस्कार जाहीर झाला आणि मन खायला लागलं. मामांना म्हणालो, "मंचावर मी तुमचं नाव घेणार. सगळ्यांसमोर."

"कायले जी?" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी शर्ट इस्त्रीला टाकून आले.

भंडाऱ्याच्या त्या सभागृहात ते माझ्या आधी पोचले होते. डोक्याला तेल चोपडलेलं, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मी त्यांना रांगेच्या मध्यभागी नेऊ लागलो तर ओळीच्या टोकालाच बसले. "काठाची खुर्ची बरी, गुर्जी. उठाले सोपं."

कार्यक्रम लांबला. धावपटू झाले, कुस्तीगीर झाले, धनुर्विद्या, खो-खोचा संघ, कबड्डीचा संघ. मामा प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होते. तलवारबाजीची एक मुलगी मंचावर गेली तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कोनासंग लढाई हाये जी हिची?" मग आमच्या पोरींचा संघ गेला. मामा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मागच्यानं खाली बसवलं.

मग माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह, आणि हातात माइक. "सर, यशाचं रहस्य सांगा." मला मंचावरून ती काठाची खुर्ची स्वच्छ दिसत होती. मामा थोडे पुढे सरकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. आता नाव घेतलं की उठायचं, एवढंच बाकी.

मी म्हणालो, "मी माझ्या मुलींना एकच सांगतो. पाण्याला मारायचं नाही, पाण्याला मागायचं."

सभागृह दणाणलं. त्या टाळ्यांत मी खाली उतरलो. पुढे लोकांना सांगत राहिलो की घाईत राहून गेलं. साफ खोटं! नाव जिभेवर आलं होतं. ते घेतलं तर लोक विचारतील, मग तुम्ही काय केलं हो? म्हणून गिळलं. आणि मामाही टाळ्या वाजवत होते.

परतीच्या बसमध्ये स्मृतिचिन्ह त्यांनी मांडीवर घेतलं. "तुमी झोपा जी. मी धरतो, नाईतं आपटन."

"मामा, तुमचं नाव घाईत राहून गेलं."

"राहू द्या जी. पोरीयचं नाव तं आलं ना."

नंतरही ते रोज तलावावर जायचे. मीच पाळीवर जाणं कमी केलं. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं की मला तिथं उभं राहवत नसे. गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं मामा गेले, तोवर मी त्यांच्याशी धड बोललोही नव्हतो.

दहावं झाल्यावर स्मृतिचिन्ह पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. मामी अंगणात होत्या. मी ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "मामी, हे मामांचं आहे. माझं नव्हतंच कधी."

"नाई जी, हे तुमचं. त्यायचं त्यायले भेटलं." मामींनी ते उचलून परत माझ्या हातात दिलं. "तुमी मंचावर त्यायचं नाव घेतलं ना? बापाच्या नावासंग, पूर्ण. घरी आल्या आल्या सांगतलं मले. 'मी खुर्चीवरून उठून हात जोडले,' म्हने. लई टाळ्या वाजल्या म्हने."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'मामी, मी घेतलंच नव्हतं' एवढं सांगायला आलो होतो, तेवढंच तोंडातून निघेना.

"काय बोल्ले होते जी तुमी?" मामींनी पदर सारखा केला. "एकडाव सांगा ना. मी आली नोती."

वाळत घातलेल्या जाळ्यापाशी मी उभा राहिलो. हात जोडले. म्हणालो, "या पोरींना मी शिकवलं नाही. मला पोहता येत नाही. यांचे गुरू दुसरे आहेत." आणि मामांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

मामी ऐकत होत्या. मग मान हलवून म्हणाल्या, "हो. असंच सांगत होते ते."