पट्टा पोटात, मी पारड्यात

गेल्या दिवाळीनंतर मी पुण्याला जाऊन जठराला पट्टा बांधून घेतला, तेव्हा आमच्या घरात सर्वांत आधी माझ्या पँटी वाटून टाकण्यात आल्या.

मी अजून दवाखान्यातच होतो. हाताला सलाईन होतं. इकडे न्हावऱ्यात माझ्या बायकोनं, संगीतानं, कपाट उघडलं आणि "आता ह्या काय त्यांना बसायच्या न्हाईत" म्हणून एकूण एक पँट गरजूंना देऊन टाकली. (माझ्या मापाचा गरजू आमच्या गावात नाही. एका पँटीत दोघे, असं काहीतरी ठरलं असणार.) मी दवाखान्यातून निघालो तो लुंगीवर आणि पुढचे पाच महिने नाडीच्या पायजम्यात राहिलो. नाडी ही फार समजूतदार वस्तू आहे. आज चार बोटं सैल केली तरी ती कुणाला सांगत नाही. पुढचा सगळा घोटाळा तिच्याच समजूतदारपणामुळे झाला.

मी मुळात कॅन्टीनचा माणूस. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं कॅन्टीन सुपरवायझर होतो. काम एकच, चव बघणं. पहिल्या शिफ्टच्या पोह्याची, दुसऱ्या शिफ्टच्या आमटीची, तिसऱ्या शिफ्टच्या खिचडीची. मी कामात कधी कसूर केली नाही. रिटायर झालो तेव्हा कंपनीनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी एकशे अठ्ठावीस किलोनिशी गेटाबाहेर पडलो. मग रक्तातली साखर वाढली, चार पायऱ्या चढलं की धाप लागू लागली आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत गेलं.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी कागदावर जठराचं चित्र काढून समजावलं.

"दिलीपराव, हा पट्टा जठराच्या वरच्या बाजूला बसतो. थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटेल. पण ही जादू नाही! दर महिन्याला यायचं, लागेल तसा आपण तो सुईनं घट्ट करू. सावकाश चावून खायचं. गोड पेयं बंद. दीड-दोन वर्षांत चांगला फरक पडेल."

डॉक्टर लोक जरा राखूनच बोलतात, म्हणून मी मनाशी पाच महिने धरले.

पाचच का, तर पाच महिन्यांवर भीमजयंती होती. आमच्या वस्तीतलं मंडळ दरवर्षी जयंतीला एका ज्येष्ठ माणसाची वहीतुला करतं. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात वह्या आणि त्या वह्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना. मोठा मान! तीन वर्षं मंडळ मला विचारत होतं आणि तीन वर्षं मी काहीतरी कारण काढत होतो, कारण त्याआधी बसले होते कृष्णाआप्पा. वजन अठ्ठेचाळीस किलो! पाचवा गठ्ठा ठेवल्याबरोबर आप्पा असे अलगद वर गेले की बायकांनी मोबाईल काढून शूटिंग केलं. त्याच पारड्यात, त्याच लोकांसमोर मी बसायचं? पण ऑपरेशनची तारीख मिळाली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो.

"यंदा मी बसतो! नव्वद किलोच्या वह्या गोळा करा. एक वही जास्त लागणार न्हाई!"

अध्यक्ष बाळूभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. म्हणजे आता सगळ्या गावाच्या साक्षीनं मला नव्वद व्हायचं होतं.

ऑपरेशननंतर विश्रांतीसाठी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मला भांडगावला घेऊन गेली. तिथं दाजींची ऊसशेती आणि सोलापूर रोडला रसवंती. दाजींनी चष्मा लावून दवाखान्याचा कागद मोठ्यानं वाचला.

"पयलं पंधरा दिवस निस्तं पातळ. घास अजाबात न्हाई."

"आन् मग ह्यो जगायचा कसा?" अक्काला रडूच आलं.

"अगं, पातळ म्हंजी उपास न्हाई! उसाचा रस पातळच हाय की."

"दाजी," मी म्हणालो, "डॉक्टर म्हणले गोड पेयं बंद."

"ती बाटलीतली, फसफसनारी! आपला रानातला रस पेय हाय व्हय? औषध हाय त्ये!"

मला हे अगदी पटलं. (पटणारच होतं.)

आणि मग सुरू झालं माझं पथ्य. सकाळी रसाचे दोन तांबे. अकराला शेवयांची खीर, पण शेवया काढून. दुपारी मटणाचा रस्सा, पण मटण काढून. चारला शेजारच्या गुऱ्हाळातली काकवी, कोमट दुधात. रात्री बासुंदी. त्या बासुंदीत बदामाचा तुकडा तरंगताना दिसला तर अक्का तो चमच्यानं टिपून बाजूला ठेवायची. "घट्ट काय जायला नगं रं बाबा, डॉक्टर वरडंल." इतकं कडक पथ्य मी आयुष्यात कधी पाळलं नव्हतं. माझ्या मनाच्या निग्रहाचं मलाच कौतुक वाटू लागलं.

पंधरा दिवसांनी घासाची परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात भाचीचा साखरपुडा आला. पंगतीत भाकरी, पिठलं आणि समोर हिरवा ठेचा! प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा होता. मी चौथ्यांदा चावला आणि गिळला. घास छातीत जाऊन बसला तो हलेना. खाली जाईना, वर येईना. डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मी उभा राहिलो, तर मुलाकडच्या लोकांना वाटलं मी भाषण करणार आहे, आणि ते टाळ्या वाजवू लागले. शेवटी मी मांडवामागं धावलो. पुढं काय झालं ते साखरपुड्याच्या आठवणीत लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी मी घासाची धास्तीच घेतली. पातळ मात्र कसं सरळ उतरायचं! पट्ट्याला पत्ताही लागत नव्हता. मी न्हावऱ्याला परतलो तरी पथ्य तेच चालू ठेवलं. ताटात चतकोर भाकरी घ्यायची, पाऊण तास चावायची आणि उरलेलं पोट पिऊन भरायचं. ती चतकोर बघून संगीताच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"अवो, चिमणी तरी जास्ती खाती. ह्ये घ्या, ग्लासभर दूध तरी प्या. साय घातलीय."

भेटायला येणारा जो तो दारातूनच म्हणायचा, "काय वाळलात वो दिलीपराव!" आमच्याकडं ऑपरेशन झालेल्या माणसाला असंच म्हणतात. तो कसाही दिसो, वाळलाच म्हणायचं, ती रीत आहे. सव्वीस वर्षं गावाबाहेर आमट्या चाखण्यात गेल्यामुळे मी ते खरं मानलं. डॉक्टरांचा दर महिन्याला फोन यायचा. मी सांगायचो, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता जाम आहे. खरं कारण वेगळं होतं. मला सुईची भीती वाटते आणि इतका वाळलेला असताना पट्टा आणखी आवळायचा कशाला? वजन करून बघायचं मात्र पाच महिन्यांत एकदाही सुचलं नाही. ते मी एकदम लोकांसमोरच करणार होतो.

जयंतीचा दिवस उजाडला. पांढरा सदरा, कोरा पायजमा आणि निळा फेटा अशा थाटात मी विहारासमोरच्या मांडवात शिरलो. सगळीकडून "जयभीम दिलीपराव!" चाललं होतं. रशीदभाईंनी त्यांच्या कांद्याच्या अडतीतला जुना पारड्यांचा काटा आणून तीन लोखंडी खांबांवर टांगला होता. भांडगावहून अक्का आणि दाजी आले होते. पहिल्या रांगेत शाळेच्या मोठ्या बाई आणि त्यांच्या मागं सगळी शाळा.

मी पारड्यात मांडी घालून बसलो. पारडं जमिनीला टेकलं. समोरच्या पारड्यात दहा-दहा किलोचे गठ्ठे चढू लागले आणि बाळूभाऊ माइकवर मोजू लागले. "पन्नास! साठ! सत्तर!" टाळ्या वाढत होत्या. "आन् हा नव्वद!"

मी डोळे मिटले, चेहऱ्यावर शांत भाव आणला आणि वर जाण्याची वाट बघू लागलो.

काहीच झालं नाही.

एक डोळा उघडला. मी जमिनीवरच होतो. वह्या हवेत होत्या.

"काटा अडाकला वाटतं," बाळूभाऊ माइकवरच म्हणाले.

रशीदभाई खुर्चीतून ताडकन उठले. "माझा काटा अडकत न्हाई! चाळीस वर्सं कांदा तोललाय त्यानं."

"मग दिलीपराव, फेटा काढा जरा."

फेटा काढला. काही नाही. शाल काढली. घड्याळ, मोबाईल, चष्मा काढला. काही नाही! मी खोल श्वास घेऊन धरून ठेवला. (त्यानं वजन कमी होत नाही हे मला आता माहीत आहे.) मोठ्या बाईंनी पिशवीतून हजेरीपट उपसून समोरच्या पारड्यात ठेवला. पोरांनी आपापली दप्तरं रिकामी केली. मी तसाच.

"सदरा?" बाळूभाऊंनी हळूच विचारलं.

"सदरा न्हाई काढनार!" मी ओरडलो.

शेवटी रशीदभाईंनी पोरांच्या वह्या आणि हजेरीपट बाजूला केला आणि आपली लोखंडी वजनं मागवली. एक वीसचं ठेवलं. मग दुसरं वीसचं. मग एक किलोचं. आणि मी जमिनीपासून वीतभर सुटलो. रशीदभाईंनी बाळूभाऊंच्या हातातून माइक घेतला आणि अडतीत पुकारतात तसं पुकारलं, "एकशे एकतीस!"

मला आधी वाटलं, हा आकडा माझ्या मागं कुणीतरी बसलंय त्याच्यासकट आहे. मी वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

मांडवात अशी शांतता पसरली की संगीताचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. "अवो, ऑपरेशनच्या आधी एकशे अठ्ठावीस व्हता ना तुमी?"

दाजी बाह्या सरसावून उभे राहिले. "त्या डॉक्टरनं फसिवलं! पट्टा घातलाच नसंल!"

"दाजी, टाक्यांच्या खुना हायत पोटावर," मी पारड्यातूनच म्हणालो.

"मग सुटला असंल! आमी तर घास दिला न्हाई ह्याला. रोजचं दोन तांबं रस, काकवी, बासुंदी, बस्स! तरी वाढतंच कसं?"

मग जे हसू फुटलं! कृष्णाआप्पा हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी अधांतरी. उतरावं तर उतरता येईना, कारण मी उतरलो की वह्या आदळणार. खरं सांगतो, मला लाज वाटली. फार वाटली. ज्या लोकांसमोर नव्वद म्हणून सही केली होती, त्यांच्याच समोर मी भाजीसारखा टांगलेला होतो आणि लपायला फेटासुद्धा डोक्यावर नव्हता.

तेवढ्यात पोरांतून एक मुलगी उभी राहिली. "बाई, म्हंजी आता आनखी एकेचाळीस किलो वह्या येनार?"

बाईंनी बाळूभाऊंकडं पाहिलं. बाळूभाऊंनी लोखंडी वजनांकडं पाहिलं. "येनार म्हंजी येनारच! वहीतुला म्हनल्यावर पुरी व्हायाच पायजे!"

पोरांनी असा जल्लोष केला की कृष्णाआप्पांनाही कधी मिळाला नव्हता. अठ्ठेचाळीस किलोत वर्गाला काय येणार? मला खाली उतरवलं तेव्हा चार पोरी माझ्या हाताला धरून नाचत होत्या आणि मला काही केल्या कळेना की माझा अपमान झालाय की सत्कार.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पुण्याला गेलो. डॉक्टर मी काय काय प्यायलो ते लिहून घेत होते. काकवीपाशी त्यांचं पेन थांबलं.

"दिलीपराव, काकवीला पट्टा दिसतसुद्धा नाही हो. ती सरळ खाली जाते."

त्यांनी सुई काढली, पट्टा आवळला (दुखलं नाही, उगाच भीत होतो) आणि रसवंतीच्या वाटेनंसुद्धा जायचं नाही असं बजावलं. आता मी बत्तीस वेळा चावतो. दोन महिन्यांत पाच किलो उतरलं. मला त्याचा खरोखर अभिमान वाटत होता, जूनमध्ये शाळा उघडून राहिलेल्या वह्या वाटेपर्यंत तरी.

वाटप झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर मंडळाची बैठक बसली. मी पाच किलोची बातमी दिली. सगळ्यांचे चेहरे पडले.

"काका," मोठ्या बाई काळजीनं म्हणाल्या, "चांगलंच आहे हो. पण जरा दमानं घ्या. पुढच्या वर्षी पहिलीत पोरं वाढतायत."

लगेच ठराव आला की येत्या जयंतीची वहीतुलाही दिलीपरावांचीच व्हावी. सूचक मोठ्या बाई. अनुमोदक माझी बायको. "विरोधात कोण असंल त्यानं उभं ऱ्हावं," बाळूभाऊ म्हणाले, आणि मी एक हात सतरंजीवर टेकून, दुसऱ्यानं खांब धरून उठून उभा राहिलो, तोवर ठराव एकमतानं मंजूर होऊन सगळे चहा प्यायला गेले होते.