डबीतल्या शिव्या

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा आवाज जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या शिव्या शाबूत होत्या. त्या त्यांच्या शर्टाच्या खिशात राहायच्या.

खिशात एक डबी होती. डबी म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर, वहीच्या पानाच्या निम्मा, आणि बरोबर टोचायला प्लास्टिकची एक काडी. फोन जेव्हा फक्त फोन होते तेव्हा हे कॉम्प्युटर मोठ्या साहेबांच्या खिशात असत. मास्तरांच्या खिशात ती आली ती त्यांच्या एका शिष्याकडून. हा शिष्य कॉम्प्युटरवाला, हुशार, पण क्लच म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात शिरता शिरत नव्हतं. मास्तरांनी त्याला इतकं झापलं की शेवटी तो गाडी शिकला, आणि झापून घ्यायची त्याला चटकही लागली. मास्तरांच्या घशात गाठ आहे, ती काढताना स्वरयंत्रही जाणार, हे कळल्यावर तो आपली डबी घेऊन आला. त्यानं तिच्यात एक छोटासा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. पडदाभर चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात मास्तरांचं एक वाक्य. काडी टोचली की मास्तर बोलणार.

ऑपरेशनच्या आधी मास्तर रोज काचा वर करून गाडीत बसले आणि बोलत राहिले. "ब्रेक दाब." "क्लच हळू सोड, पळून नाही जात तो." "आरसा केस विंचरायला दिलाय का?" "आंधळा आहेस का?" "आधी बघ, मग दाब." अशी चाळीसेक वाक्यं भरली. त्यात एकही गोड नव्हतं. सगळ्यात मवाळ वाक्य होतं "जा आता, घाबरतोस काय", आणि तेही ऐकणारा घाबरायचाच.

मास्तरीणबाई घरात शिवणकाम करायच्या. पडदे, खोळी, शाळेचे गणवेश. त्यांनी एकदाच म्हटलं होतं, "अहो, एखादं माझ्यासाठी पण घाला की त्यात." मास्तरांनी आपल्या खऱ्या घशानं उत्तर दिलं, "तुझ्यासाठी कशाला? तू घरातच आहेस." चार दिवसांनी घसा गेला. उत्तर राहिलं. बाईंनी ते असं जपून ठेवलं होतं, जशी शिंपीण चांगली कात्री जपते. कुणाला हात लावू देत नाही, पण धार अधूनमधून तपासते.

मग वर्षानुवर्षं मास्तर तसेच रागावत राहिले. राग फार आला की गळ्याला बांधलेल्या रुमालामागून श्वास शिट्टीसारखा वाजायचा, टायरमधून हवा सुटावी तसा, आणि पाठोपाठ डबी बोलायची. स्त्री असो, पुरुष असो, डबी सगळ्यांना "अरे गाढवा"च म्हणायची, कारण भरताना मास्तरांच्या डोळ्यांसमोर फक्त पुरुष गाढवं होती. दातांच्या एक डॉक्टरीणबाई तेव्हा शिकायला येत. त्या म्हणायच्या, मला आयुष्यात एवढ्या मोकळेपणानं कुणी गाढवा म्हटलं नव्हतं.

घरातही हीच वाक्यं चालायची. बाई शेजारणीची हकिगत सांगायला लागल्या, की ती रंगात यायच्या आत मास्तर काडी टोचायचे: "ब्रेक दाब." बाई थांबायच्या, आणि शिवणयंत्र उगाच जोरात पळवायच्या.

घोटाळा झाला तो डबीच्या पडद्यानं. जुना पडदा, रोज टोचून टोचून सरकला. काडी लावायची एका चौकोनावर आणि बोलायचा त्याच्या खालचा. मास्तरांना हे कळलं ते भलत्याच वेळी. डॉक्टरीणबाई गाडी मागं घेत होत्या, मागं कचऱ्याचा मोठा डबा होता. मास्तरांनी "ब्रेक दाब" टोचलं आणि डबी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "जा आता, घाबरतोस काय." बाई आज्ञाधारक. गेल्या. मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक होता, पण ते त्या क्षणी डबीकडे बघत बसले होते, हिला झालंय काय म्हणून.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक भले होते, पण गाडी त्यांची होती आणि मागचा फुटलेला दिवाही त्यांचाच होता. सोमवारपर्यंत डबी नीट करून आणा मास्तर, नाहीतर शेजारच्या सीटवर मला दुसरा माणूस बसवावा लागेल, असं त्यांनी नजर चुकवत सांगितलं. मास्तरांकडे याला उत्तर असलेलं बटण नव्हतं.

डबी बनवणाऱ्या कंपनीनं ती बनवणं केव्हाच सोडलं होतं, आणि तो कॉम्प्युटरवाला शिष्यही केव्हाच गाव सोडून गेला होता. गावात सगळ्या कंपन्यांची दुरुस्ती करणारं एक सर्व्हिस सेंटर होतं. काचेचं दार, गारगार हवा, काचेचं उंच काउंटर, नंबराची चिठ्ठी. मास्तर नंबर लागेपर्यंत बसले. मग काउंटरवाल्या तरुणाला त्यांनी काडी इथं टोचली की बोलतो तिथं, हे करून दाखवलं. त्यानं लगेच ओळखलं. "पडदा सेट करायचाय काका, दोन मिनिटांचं काम." आणि त्यानं डबी आपल्याकडे ओढून घेतली.

इथंच सगळं फिरलं. कारण डबी त्याच्या हातात गेली तशी मास्तरांची जीभही त्याच्या हातात गेली.

तो डबीतच बघत होता. यातली सिस्टिम फारच जुनी आहे, म्हणाला. डबी बनवणं बंद करण्याआधी कंपनीनं शेवटची एक नवी सिस्टिम काढली होती, ती हिच्यात बसते, पैसेही पडत नाहीत, आमच्याकडे आधी तीच टाकतात आणि मग बाकीचं बघतात. "जुनं सगळं पुसलं जाईल हं. चालेल ना काका?"

मास्तरांनी हात वर केला. दोन्ही हात वर केले. मान इतकी हलवली की गळ्याचा रुमाल सुटला. काउंटरवाल्यानं वर बघितलंच नाही. त्यानं विचारलं, कानांनी वाट बघितली, "नाही" ऐकू आलं नाही, म्हणजे हो. त्यानं दाबलं. मास्तरांनी काचेवर मूठ आपटली तेव्हा तो न बघताच म्हणाला, "दोनच मिनिटं काका."

डबी परत आली ती निळ्या पडद्याची, अंघोळ घातल्यासारखी स्वच्छ. पडदा आता अगदी जागच्या जागी टोचत होता. फक्त टोचायला काही उरलं नव्हतं.

काउंटरवाला मात्र खूष. यात आता बोलणारी बाई आहे, म्हणाला, तुम्ही काहीही लिहा, ती वाचून दाखवते. मास्तरांनी काडीनं लिहिलं आणि डबीतली बाई पाहुण्यांना पाणी विचारावं अशा सुरात म्हणाली, "माझा आवाज कुठे गेला." रांगेतली दोन माणसं हसली. मास्तरांनी अजून लिहिलं. "गाढवा, तू काय करून बसलास ते तुला कळतंय का," असं ती बाई इतक्या लाडानं म्हणाली की काउंटरवाल्यानं चक्क थँक्यू म्हटलं. आयुष्यभर ज्या रागावर मास्तरांनी पोट भरलं, त्या रागाचं या बाईनं दोन वाक्यांत सरबत करून टाकलं. मास्तर शिट्टी वाजवत काच बडवायला लागले. वॉचमन आला. मॅनेजर आला. मॅनेजरनं शांतपणे ऐकवलं की गेलेलं परत येत नाही, जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर तसाही चालला नसता, आणि आमच्या माणसाची यात चूक नाही.

"त्यानं रीतसर विचारलं होतं. कस्टमरनं नाही म्हटलं नाही."

मास्तर घरी आले ते डबी खिशात न घालता मुठीत धरून. बाईंसमोर पडद्याचं गडद कापड पसरलेलं होतं. मास्तरांनी त्यांचा खडू उचलला आणि त्या कापडावर घडलेलं सगळं लिहून काढलं, शेवटी मॅनेजरचं वाक्य. त्या वाक्यापाशी खडू मोडला.

बाईंनी वाचलं. शिवणयंत्रावरचा पाय उचलला. मास्तरांना वाटलं, आता ही रडणार. पण बाईंचा चेहरा तांबडा व्हायला लागला होता, आणि तो राग सगळाच सर्व्हिस सेंटरवर नव्हता.

"एक बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझं त्यात काहीच नव्हतं. माझं काही गेलं नाही."

मग त्यांनी कापड झटकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या.

काउंटरवर तोच तरुण होता. मास्तर मागं उभे राहिले; इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर नव्हते, मागच्या सीटवर होते. बाईंनी नंबराची चिठ्ठी घेतली नाही. त्यांनी सरळ मॅनेजरला बोलवायला सांगितलं आणि तो आल्यावर नवऱ्याचा आवाज परत मागितला. तो म्हणाला, काकू, कालच सांगितलं, तो नाही येणार. त्यांनी मान डोलावली, जणू एवढंच ऐकायचं होतं.

"मग बटणं द्या. आवाज मी आणलाय."

मॅनेजरला समजलं नाही, पण काउंटरवाल्याला समजलं. त्यानं बिचकत सांगितलं की नव्या सिस्टिममध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, आणि भरलेलं वाक्य पहिल्या पडद्यावर चौकोन करून ठेवता येतं. बाई म्हणाल्या, धर डबी, दाब. त्यानं डबी बाईंच्या तोंडासमोर धरली. म्हणजे साहजिकच त्याचं तोंडही समोर आलं.

"आंधळा आहेस का?" बाई म्हणाल्या.

सेंटरमधली सगळी गारगार हवा जागच्या जागी थांबली. काउंटरवाल्यानं रेकॉर्डिंग बंद केलं आणि चौकोन केला. बाई पुढच्या वाक्याकडे गेल्या. आरसा. क्लच. गाढवा, आणि लगोलग गाढवे, कारण त्यांना डॉक्टरीणबाईंची गोष्ट ठाऊक होती. एकही वाक्य त्यांना आठवावं लागलं नाही. इतकी वर्षं ही वाक्यं घराच्या भिंतीतून, जेवणाच्या ताटावरून, त्यांच्या अर्धवट तोडलेल्या हकिगतींच्या टोकाला ऐकून ऐकून अंगात मुरली होती. चढ कुठं, उतार कुठं, कुठल्या अक्षरावर दात खायचे, सगळं तेच. मास्तर ऐकत होते. आवाज बाईंचा, पण राग मास्तरांचा. आणि थोडं नीट ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, सगळाच त्यांचा नाही. "नंदीबैलासारखी मान हलवू नकोस" हे म्हणताना बाईंनी जो जोर लावला, तो त्यांचा स्वतःचा होता, घरचा, वर्षानुवर्षं न वापरलेला.

मॅनेजर म्हणाला, काकू, जरा हळू, बाकीचे कस्टमर आहेत. बाईंनी त्याच्याकडे वळून पुढचं वाक्य भरलं: "हॉर्न कशाला वाजवतोस, चूक तुझी आहे." रांगेतला एक जण टाळी वाजवणार होता, पण त्याला आपलाही फोन दुरुस्त करून हवा होता.

"आधी बघ, मग दाब." हे त्यांनी काउंटरवाल्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्यानं चौकोन केला. बाई म्हणाल्या, नीट आलं नाही, परत. त्यानं परत धरलं. तिसऱ्यांदाही त्यांना ते पसंत पडलं नाही. चौथ्यांदा त्याचे कान लाल झाले होते, तेव्हा आलं.

सगळं संपल्यावर बाईंनी मास्तरांकडे पाठ केली आणि अजून काहीतरी हळूच भरलं. काउंटरवाला सकाळपासून पहिल्यांदा हसला.

मग त्यानं बोट पडद्यावर नेलं. "सेव्ह करू का?" असं विचारलं, आणि थांबला. मान वर केली. मास्तरांकडे बघितलं.

मास्तरांना हो म्हणायला मान पुरली असती. पण त्यांनी ती हलवली नाही. मागं रांग वाढत होती, मॅनेजर घड्याळ बघत होता, बाई चपलेनं फरशी वाजवत होत्या. काउंटरवाला बोट हवेत धरून मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिला. रुमालामागून शिट्टी वाजत होती. ती थांबेपर्यंत मास्तरांनी त्याला तसंच उभं ठेवलं, आणि मग एकदाच मान हलवली.

सोमवारी मालकांनी गाडीच्या खिडकीत डोकं घालून ऐकलं. डॉक्टरीणबाई गाडी मागं घेत होत्या. मास्तरांनी काडी टोचली आणि डबी म्हणाली, "ब्रेक दाब, गाढवे." गाडी डब्याच्या अलीकडे थांबली. आवाज कुणाचा आहे, असं मालकांनी विचारलं नाही. फक्त डबी बोलली तेव्हा आपोआप त्यांचीही पाठ ताठ झाली होती. मास्तरांची सीट मास्तरांकडे राहिली.

त्यांचा राग काही गेला नाही. गाडी मागं घ्यायचा धडा ते हल्ली रोज सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या दारासमोरच घेतात, डबीचा आवाज पूर्ण मोठा करून. वॉचमननं एकदा हटकलं. रस्ता सगळ्यांचा आहे, असं मास्तरांनी त्याला लिहून दाखवलं.

त्या सोमवारी रात्री जेवताना बाईंनी शेजारणीची हकिगत काढली. ती रंगात यायच्या आत मास्तरांनी सवयीनं टोचलं. "ब्रेक दाब," बाईंचाच आवाज बाईंना म्हणाला. बाई थांबल्या. घास हातात तसाच राहिला. स्वतःच्या तोंडून गप्प बसायला लावलेलं माणूस कसं दिसतं ते मास्तरांनी त्या दिवशी पाहिलं, आणि पटकन दुसरं काहीतरी टोचावं म्हणून खाली बघितलं. सगळ्यात खाली, नाव नसलेला एक चौकोन होता. त्यांनी तो टोचला.

"मग? पुढं काय झालं?" डबीनं विचारलं.

बाईंनी ताटातलं संपवलं, पाणी प्यायल्या, आणि हकिगत मुद्दाम पहिल्यापासून सुरू केली. मास्तरांचा श्वास शिट्टी वाजवत होता. हकिगत मध्येच थांबली, की ते तो चौकोन पुन्हा टोचत होते.