शनिवारच्या आधी फुटलेला डबा

इंद्रजीत गायकेला खोटं बोलता येत नाही. लोक याला गुण म्हणतात. दुकानदाराच्या बाबतीत मी याला खोड म्हणते. औरंगपुऱ्यातल्या त्याच्या दुकानात कोणी गाईड मागायला आलं की हा विचारतो, "धडा वाचलाय का आधी?" गिऱ्हाईक मुकाट शेजारच्या दुकानात जातं. मी सांगून थकले. आता सांगत नाही, रोज सकाळी तिथं जाऊन पेपर वाचते आणि त्याचा चहा पिते.

गायक्यांची शेती पैठणच्या बाजूला, ती भाऊ बघतो. इंद्रजीत वाळूजला कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर त्यानं हे दुकान घेतलं. सकाळी गल्ल्यावर त्याची आई, आशाबाई. "घरात बसून काय भिंती चाटू?" असं म्हणून त्या आल्या, त्या आल्याच.

दुकानात पुढं वह्या, पुस्तकं, कंपासपेट्या. मागच्या कपाटात मात्र गोष्टीचे खेळ. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं गोष्ट पुढं न्यायची. भिंत चढलात की पाय घसरला, ते फासे सांगणार. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून इंद्रजीत हा खेळ चालवतो. एरवी घुमा, पोट सुटलेला माणूस; पण गोष्ट सुरू झाली की राक्षसाचा आवाज काढतो आणि राक्षसाच्या बायकोचाही. कॉलेजची पोरं येतात आणि मी जाते. मी चोर असते. सत्तरी ओलांडल्यावर माणसानं एकदा तरी चोर व्हावं, फार मोकळं वाटतं.

आजवरचे हे खेळ सगळे परदेशी. किल्ले तिकडचे, भुतंही तिकडची. मग पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मराठीत 'नहरीखालचं नगर' काढायचं ठरवलं. आपल्याच शहराखालच्या, पाणी आणणाऱ्या जुन्या नहरी, त्यांत वसलेलं एक नगर, आणि तिथं उतरणारे आपण. पोरं दोन वर्षं वाट बघत होती. कंपनीची अट एकच: सगळीकडं एकाच शनिवारी विक्री, त्याआधी खेळाचा एकही डबा बाहेर जाता कामा नये. आणि नहर इथली म्हणून, खेळ रचणारी अमृता त्या शनिवारी इंद्रजीतच्याच दुकानात येऊन पहिला डाव मांडणार होती. इंद्रजीतनं दुकान रंगवून काढलं. त्याच्या लग्नात घर रंगवलं नसेल इतक्या हौसेनं.

डबे आधीच्या आठवड्यात आले. यानं एकही उघडला नाही.

"विकू नकोस, पण वाच की," मी म्हटलं.

"वाचलं की तोंडातून निघतं, काकू."

हे खरंच होतं. आशाबाईंनी मात्र रीतीप्रमाणं प्रत्येक डब्यावर दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू ओढलं. नवा माल दुकानात आला की कोऱ्या अंगानं ठेवायचा नाही.

"आई, हे शनिवारपर्यंत विकायचं नाय बरं."

"व्हय रे बाबा. किती येळा सांगशील?"

मंगळवारी इंद्रजीत एका शाळेच्या वह्या पोचवायला छावणीत गेला. दुकान नुकतंच उघडलेलं. बजाजनगरचा राजकुमार नावाचा कामगार रात्रपाळी करून थेट आला. लेकीचा वाढदिवस, तिला तो नहरीचा खेळ हवाय. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. आशाबाईंनी डबा दिला.

बुधवारी संध्याकाळी खेळाची पानं पोरांच्या मोबाइलवर फिरायला लागली. पहिलाच फोटो डब्याचा, आणि डब्यावर हळदीकुंकवाची बोटं.

इंद्रजीतनं फोटो आईसमोर धरला. "आई, हे काय?"

"डबा हाय."

"विकायचा नाय म्हणलो होतो ना?"

"मग भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं लावून देऊ? अख्खा दिवस बुडंल. आन एकच तर दिला. बाकीचे हायेत की."

राज्यभरातल्या पोरांत चर्चा पेटली: डबा फोडला कोणी? कुंकू बघून सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की हे देवीच्या कोल्हापूरचंच काम. तिथल्या एका दुकानदाराला शिव्या सुरू झाल्या. त्या बिचाऱ्यानं त्याचे सगळे डबे बंद असल्याचा फोटो टाकला, तर लोक म्हणाले, एक कमी दिसतोय.

"गप्प बस," मी इंद्रजीतला म्हटलं. "शनिवारपर्यंत लोक विसरतील."

"आन तो कोल्हापूरवाला?"

"तो तुझा मावसभाऊ आहे का?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पेपर उघडला. त्यानं पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून अमृता एवढंच म्हणाली, "कळवते." फोन बंद.

मग इंद्रजीत ते फोटो काढून टाकायची विनंती करायला राजकुमारच्या घरी, बजाजनगरला निघाला. मीही स्कूटरवर मागं बसले. त्याला एकट्याला सोडलं असतं तर त्यानं मुलीचीच माफी मागितली असती. राजकुमारची श्रेया, आठवीतली, गॅलरीत चार पोरं जमवून खेळ चालवत होती. पुस्तक उघडं, नकाशा पसरलेला. इंद्रजीतनं चटकन भिंतीकडं तोंड फिरवलं.

"काका, असे उलटे का उभे?" श्रेयानं विचारलं.

"शनिवारपर्यंत मला बघायचं नाय."

"काय बघायचं नाही? हे मगरीचं पान?"

"सांगू नको!" तो कानावर हात ठेवून ओरडला.

पोरगी हसून लोळली. फोटो तिनं लगेच काढून टाकले, पण ते केव्हाच गावभर झाले होते. पुण्याहून काहीच येईना. इंद्रजीत रंगवलेल्या भिंतीकडं बघत बसला, जेवणाचा डबा तसाच घरी नेला. पोळ्या परत आल्याचं आशाबाईंनी बघितलं.

शुक्रवारी सकाळी इंद्रजीत आत गठ्ठे सोडत होता. जीन्स घातलेली, पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी आली. दिवसाची पहिलीच.

"नहरीचा खेळ आहे ना? द्या पटकन, बस गाठायचीय."

मी पेपर खाली घेतला. आशाबाईंचा हात डब्याकडं गेला, थांबला. त्यांनी मुलीकडं बघितलं, गणपतीच्या फोटोकडं बघितलं. मग खालच्या खणातून एक कंपासपेटी काढून समोर ठेवली.

"हे घ्या."

"मला हे नकोय, आजी."

"घ्या हो माय, भवानी करा. खेळ उद्या."

"उद्या मी इथं नसले तर?"

"पत्ता लिहून द्या, पोरगा पाठवंल. पन आज नाय. एक डबा दिला तर माझ्या लेकाच्या पोटात अन्न नाय तवापासून."

मुलीनं सॅकमधून पैसे काढले. मग तिनं कंपासपेटी घेतली. तेवढ्यात आतून इंद्रजीत बाहेर आला. आवाज त्यानं फोनवर ऐकलेला.

"अमृताताई?"

"उद्या टेबल कुठं मांडायचं ते बघायला आले होते," ती म्हणाली.

असली परीक्षा मला मुळीच आवडली नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "मॅडम, म्हाताऱ्या माणसाशी लबाडी कशाला? दारातून सरळ विचारायचं."

"चुकलंच, काकू," ती म्हणाली. चूक लगेच कबूल करणाऱ्या माणसाशी पुढं भांडता येत नाही, हे फार गैरसोयीचं असतं.

इंद्रजीत आईकडं वळला. "हे कंपासपेटीचं मंगळवारी का नाय सुचलं?"

"मंगळवारी त्याच्या लेकीचा वाढदिवस होता. वाढदिवसाला कंपास देत्यात व्हय?"

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अमृतानं सगळ्यांत आधी डबा इथूनच गेल्याचं आणि कोल्हापूरचा त्यात हात नसल्याचं जाहीर केलं. श्रेया आपला कुंकवाचा डबा घेऊन आली होती, आणि बाकीची पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. अमृतानं कंपासपेटीतल्या पेन्सिलीनं पात्रांची नावं लिहून घेतली. टेबलाभोवती एकही पान न वाचलेला माणूस एकच होता, म्हणून एरवी गोष्ट चालवणाऱ्या इंद्रजीतला तिनं पहिल्यांदाच खेळाडू केलं.

पहिल्याच फाशाला तो नहरीत पडला. मी चोर होते. दोर टाकून त्याला वर ओढलं, पण आधी त्याचे खिसे रिकामे केले. केवढा हसला!