चारही चाकांना जोर असलेली गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा माझी एकच अट होती. चारही चाकांना जोर पाहिजे.

घरात ती कोणालाच पटली नाही. नवरा जालन्यातल्याच एका कॉलेजात शिकवायचा, सायकलवर जायचा-यायचा. तो म्हणाला, "रोज दीडशे किलोमीटर बसायचंय तुला. कंबर आधीच धरलेली असते. मऊ सीटची एखादी छोटी कार घे. जीपमध्ये काय मिळणार? नुसते हिसके."

"काळ्या मातीचे रस्ते आहेत. पावसाळ्यात चाक रुतलं की निघत नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण अट त्यासाठी नव्हती, आणि खरं कारण मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी एका बियाणे कंपनीत होते. एमआयडीसीत आमचा प्लांट होता आणि बियाण्याचे प्लॉट शेतकऱ्यांच्या रानात, लांब लांब. संकरित कपाशीचं बी तयार करायचं म्हणजे दोन-अडीच महिने बायका सकाळपासून हाताने फुलांना परागकण लावतात. त्या दिवसांत प्लॉटवर कोणीतरी जाणतं माणूस रोज लागतं. नव्याण्णव-दोन हजारच्या सुमाराला माझ्याकडे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचे प्लॉट होते. कंपनीने स्वतःची गाडी घ्यायला परवानगी दिली, म्हणून हा शोध सुरू झाला.

त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी मी नोकरीला नवी होते आणि माझे प्लॉट टेंभुर्णीच्या पलीकडे होते. तेव्हा कंपनीची एक जुनी जीप होती. दिसायला जीप, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. ती चालवायला टेंभुर्णीचेच एक ड्रायव्हर होते. पन्नाशीचे, धनगराच्या घरातले. लहानपण सगळं मेंढरांमागे गेलेलं, गाडी मोठेपणी शिकलेले. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला ताई. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, प्लांटमागच्या मोकळ्या मैदानात. क्लच सोडताना घाई केली की म्हणायचे, "थांबा जरा, ताई. गाडीला समजू द्या."

त्या वर्षी भाद्रपदात एका दुपारी आम्ही निघालो. त्या दिवशी एका प्लॉटवर वेगळ्या जातीची झाडं दिसल्याचा निरोप आला होता. ती उपटून टाकली नसती तर सगळं बी वाया गेलं असतं. माझी पहिलीच जबाबदारी होती. टेंभुर्णी मागे पडली आणि पुढे नदीच्या फरशीपाशी आलो. फरशी म्हणजे ठेंगणा पूल, कठडा नसलेला. कडेने फक्त दगड उभे केलेले. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला असावा. फरशीवरून गढूळ पाणी चाललं होतं.

मामांनी गाडी उभी केली, खाली उतरून काठाला गेले, परत आले.

"थांबू जरा, ताई. तळ दिसून न्हाई राह्यला."

"किती वेळ?"

"ते पान्यावर हाये. तास लागंल, दोन लागतील."

मी घड्याळ बघितलं. पलीकडून एक माणूस बैल घेऊन पाण्यातून चालत आला होता. पाणी त्याच्या गुडघ्याला होतं. मी म्हणाले, "मामा, गुडघ्याएवढंच आहे. जाऊ आपण."

ते गाडीत चढले. दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी पुन्हा म्हणाले, "चला." या खेपेला जरा वरच्या आवाजात. मी साहेब होते ना.

मग त्यांनी पहिला गियर टाकला.

मधोमध गेल्यावर पाणी वाढलं. आवाज आधी बदलला, मग गाडी आडवी सरकायला लागली. माझ्या बाजूचं पुढचं चाक कडेच्या एका दगडाला अडलं आणि गाडी क्षणभर थांबली. माझं दार नेहमी अडकायचं. मामांनी माझ्या अंगावरून हात लांब करून खटक्यावर बुक्की मारली, दार उघडलं आणि मला ढकललं. "दगड धरा, ताई!" मी दगड धरला. गाडीचा मागचा भाग फिरला आणि ती फरशीवरून खाली गेली.

मला काठावरच्या लोकांनी दोर टाकून काढलं. मामा दुसऱ्या दिवशी सापडले.

पंचनाम्यात मी सांगितलं, पाणी अचानक वाढलं. ते खोटं नव्हतं. मामा थांबू म्हणाले होते, ते मात्र मी सांगितलं नाही. अंत्यविधीला आलेली माणसं आपसात बोलत होती, "फोर व्हील असती तर निघाली असती." कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "कंपनीनं फोर व्हील द्यायला पायजे होती." मी मान हलवली. तेवढं वाक्य मी त्या दिवशी घरी घेऊन गेले आणि अकरा वर्षं सांभाळलं.

त्यानंतर टेंभुर्णीचा रस्ता मी सोडला. प्लॉट बदलून मागितले. भोकरदनकडे राजूरवरून जायची. पण फरश्या सगळ्याच रस्त्यांना असतात. फरशी दिसली की मला कानाशी ऐकू यायचं, "थांबू जरा, ताई." स्पष्ट, उजव्या बाजूने. वैशाखात नदी ठणठणीत कोरडी असली तरी मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावायची. प्लांटमधले लोक हसायचे. "मॅडमला वाळूत पण पाणी दिसतं."

तर, गाडीचा शोध.

पहिली बघितली ती लष्करातून लिलावात निघालेली जीप. विकणारा माणूस इंजिन सुरू करून दाखवत होता. मी डाव्या बाजूला जाऊन दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. सात-आठ वेळा. तो म्हणाला, "मॅडम, चालवणार तुम्ही ना? इकडं बसा की." मला ड्रायव्हरच्या बाजूला बसवेना. तिथे बसलं की माझी बाजू रिकामी दिसायची. म्हणजे मी जिथून बाहेर पडले ती. नवऱ्याने त्या जीपची सीट दाबून बघितली आणि म्हणाला, "यापेक्षा बैलगाडी बरी."

दुसरी औरंगाबादच्या शोरूममध्ये. बंद टपाची, डिझेलवर चालणारी, फोर व्हीलचा वेगळा दांडा असलेली. तिथला पोरगेला विक्रेता फार उत्साहाने सांगत होता. एसी, सीटची पाठ कशी मागे-पुढे करता येते, लांबच्या प्रवासात कंबर कशी दुखत नाही. मी विचारलं, "पाण्यात किती खोलपर्यंत जाते?"

"पाण्यात?" तो हसला. "मॅडम, पाण्यात कशाला घालता? लाखमोलाची गाडी आहे."

मी हसले नाही. त्याने पुस्तिका चाळली, एक आकडा सांगितला. मी मनातल्या मनात तो आकडा त्या दिवशी माझ्या कमरेला लागलेल्या पाण्याशी ताडून बघत उभी राहिले. नवऱ्याने मला दोनदा हाक मारली म्हणे.

नवी गाडी परवडणारी नव्हतीच. तशीच, पण तीन वर्षं वापरलेली एक गाडी जालन्यात मिळत होती. ती तपासायला मी एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीकडे नेली. साठीचा माणूस, सगळा जालना त्याला गाडी दाखवून घ्यायचा. तो खाली शिरला, बाहेर आला, फोर व्हीलचा दांडा टाकून गाडी पुढे-मागे करून बघितली.

"गाडी अच्छी हाये. सीट तर बिलकुल सोफा. घ्या."

"पुराच्या पाण्यातून निघेल ना?"

त्याने फडक्याला हात पुसले. "कोण बोललं तुम्हाला? फोर व्हील चिखलासाठी असते. पानी वेगळी गोष्ट हाये. पानी बॉडीला लागलं का गाडी उचलते, लाकडाच्या ओंडक्यासारखी. मंग चाक जमिनीला लागतच न्हाई. दोन चाकांना जोर द्या, चारांना द्या, आठांना द्या. काय फरक?"

"पण लोक तर म्हणतात..."

"लोक काही बी म्हनतात. टेंभुर्णीकडची एक जीप मीच काढली, साखळी लावून. दहा-बारा साल झाले. बाभळीत अडकेल होती. लोक तवा पन असंच बोलत होते." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "ड्रायव्हर पक्का होता. गियर पहिल्यातच होता, बराबर. कोन एक बाई होती म्हने गाडीत, तिच्या बाजूचं दार उघडं होतं. त्याचं दार लागेलच होतं. त्याला टाइम न्हाई भेटला."

ती बाई मी, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले, पत्रा उन्हाने तापलेला होता तरी हात काढला नाही.

गाडी घेतली. का घेतली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कमरेला आराम पडला हे खरं. पहिल्याच पावसाळ्यात पिंपळगावच्या अलीकडे चिखलात तीन ट्रॅक्टर रुतले होते, मी दांडा टाकून त्यांच्या बाजूने निघून गेले. नवरा म्हणाला, "पटलं बुवा, तुझंच बरोबर होतं." त्या रात्री मी जेवले नाही. अकरा वर्षं ज्या वाक्याच्या आडोशाला बसले होते ते मिस्त्रीने सहज उचलून बाजूला ठेवलं होतं. आता तिथे फक्त मी म्हणालेलं "चला" उरलं होतं. कानाशी येणारा आवाज बंद होईल असं वाटलं होतं. उलट तो आता गाडीत नसतानाही यायला लागला. स्वयंपाक करताना. वर्गवारीच्या टेबलावर बी निवडताना.

दिवाळी झाली आणि एका सकाळी मी राजूरकडे न वळता सरळ टेंभुर्णीला गेले.

मामी घरी होत्या. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तेराव्याला आले होते, त्यानंतर आत्ताच त्यांना बघत होते. केस पार पांढरे झालेले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "या," म्हणाल्या आणि पोतं सरकवलं.

मी बसले. पाठ करून आलेलं सगळं विसरले. एवढंच निघालं, "मामी, मामा थांबू म्हणाले होते. मी चला म्हणाले."

त्यांचे हात चालूच राहिले. दोन-चार शेंगा झाल्या.

"म्हाईत हाये मला."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? त्यो पान्यात जानारा मानूस न्हवता. मेंढरं घेऊन किती नद्या उतरला. पानी दिसलं का काठाला घोंगडं टाकून बसायचा, दोन-दोन दिस. सोताहून त्यो जानारच न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कवा येता आन् सांगता, वाट पाहून राह्यले होते."

"इतकी वर्षं?"

"मंग काय करनार?"

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "च्या न्हाई ठेवत मी आज. राग नका धरू. आज न्हाई व्हायचा माझ्याच्यानं."

मी उठले, त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

संक्रांतीला पुन्हा गेले. त्या दिवशी चहा झाला, पण बोलणं काही नाही. उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनीच विचारलं, "त्या दिशी गाडीत काय बोलनं चालू होतं तुमचं?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, साहेबांनी नाही. मीही त्या दिवसाचं फरशीच्या अलीकडचं काहीच आठवलं नव्हतं, जणू तो दिवस पाण्यापाशीच सुरू झाला. मी आठवायला बसले. हळूहळू आलं.

"मेंढरांचं बोलत होते," मी म्हणाले. "दोन वर्षांनी नोकरी सोडतो म्हणाले. वीस मेंढ्या घ्यायच्या आणि घरी बसायचं. तुम्हाला आधी सांगणार नव्हते. एकदम दारात आणून उभ्या करायच्या होत्या."

मामींनी कप खाली ठेवला. "माझ्यापाशी तर कधी बोलला न्हाई."

"म्हणाले, तिला सांगितलं तर ती भाव करायला बसेल."

त्या हसल्या. पदराने तोंड झाकून बराच वेळ हसत राहिल्या, आणि ते हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याजवळ सरकल्या.

"कोन्च्या म्हनला? काळ्या का पांढऱ्या?"

"काळ्या," मी म्हणाले. "पांढऱ्या लौकर मळतात म्हणाले."

"बरं. अजून काय म्हनला?"

मी सांगत गेले. उन्हं उतरेपर्यंत सांगत होते.